खोकला मोजून मैफल तोलता येत नाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव माहलरच्या नवव्या सिंफनीचे (वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या मोठ्या रचनेचे), ब्रूनो वाल्टर यांच्या संचालनाखाली १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नात प्रत्यक्ष मैफलीत झालेले मुद्रण ‘केवळ ऐतिहासिक मोलाचे’ ठरवून चार ओळींत निकालात काढले आहे. श्रोत्यांचा खोकला, वादकांच्या चुका आणि घाईची लय अशी कारणे लेखकाने दिली आहेत. मराठी वृत्तपत्रात माहलरवर कोणी लिहिले याचाच आनंद मोठा असल्यामुळे त्या लेखाशी भांडण्याची माझी इच्छा नाही. मात्र प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण कोणत्या मापाने तोलावे याविषयी त्या चार ओळींत जे गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो. मंडप, लाउडस्पीकर आणि ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे. हरिनाम सप्ताह, कीर्तने आणि राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीनिमित्त गावोगाव होणाऱ्या खंजिरी भजनांच्या स्पर्धा मी मुद्रित करतो. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मला कोणी दिलेले नाही. माहलरच्या स्वरलिपीची पाने आता इंटरनेटवर मोफत मिळतात, ती समोर ठेवून ऐकत ऐकत जे कळले तेवढेच. मायक्रोफोन कुठे ठेवला म्हणजे काय ऐकू येते आणि काय हरवते, हे मात्र रोजच्या कामामुळे मला थोडेफार समजते.

खोकल्याचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. जानेवारीतले व्हिएन्ना, भरलेले सभागृह आणि १९३८ सालचे मायक्रोफोन, यांत खोकला ऐकू येणारच. काम करणाऱ्याला तो उपयोगीही पडतो, कारण खोकला किती लांबून येतो आणि त्याचा नाद किती वेळ रेंगाळतो यावरून सभागृहाची खोली समजते आणि वाद्यांपासून मायक्रोफोन किती अंतरावर असावेत याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या भागाच्या सुरुवातीला, चेलो हे खालच्या पट्टीचे गजवाद्य आणि हॉर्न हे फुंकवाद्य एकच स्वर अडखळत्या लयीत आळीपाळीने धरतात तेव्हा, खोकल्याने खरोखर त्रास होतो हे मान्य आहे. त्रास झाला असे लिहावे. त्यावरून वादनाचे गुण कापू नयेत.

चुकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि तो समजण्यासाठी हे मुद्रण कसे झाले ते पाहायला हवे. त्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वाचार-साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे. स्टुडिओत हे निभावणे सोपे होते. बाजू संपली की वाद्यवृंद थांबे, बिघडलेला तुकडा पुन्हा वाजवी आणि मग पुढे जाई. मैफलीत कोणी थांबत नाही, म्हणून तबकडीवर आवाज कोरणारी दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. एकावरची तबकडी भरत आली की दुसरे सुरू करायचे. अशा रीतीने ही सिंफनी दहा तबकड्यांच्या वीस बाजूंवर उतरली. या कामामागे मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग होते, म्हणजे १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेणारे तेच गैसबर्ग. तीन मिनिटांच्या ठुमरीपासून सत्तर मिनिटांच्या अखंड सिंफनीपर्यंतचा मुद्रणकलेचा प्रवास एका माणसाच्या नोकरीच्या काळात झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या रसिकांनी जरूर ध्यानात ठेवावी अशी आहे.

मुद्दा असा की त्या दिवशी चुकलेले काहीही नंतर बदलता येण्यासारखे नव्हते. आज एखाद्या मुद्रणावर ‘लाइव्ह’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा निराळा असतो. दोन-तीन रात्रींच्या मैफली, त्यांच्या रंगीत तालमी आणि श्रोते घरी गेल्यावर खास दुरुस्तीसाठी ठेवलेले एखादे सत्र, एवढ्या सगळ्यांतून निवडलेले तुकडे असे जोडतात की सांधा कुठेही दिसत नाही. त्यात गैर काही आहे असे मी म्हणणार नाही. आयोजकांनी सांगितल्यावर कीर्तनाच्या मुद्रणात मीही असे सांधे जुळवतो. पण अशा जोडलेल्या मुद्रणाची निर्दोषता हे माप मानून १९३८ च्या एका सलग वादनाला त्याच मापाने मोजणे योग्य नाही. एकाला चूक झाकण्याची सोय होती आणि दुसऱ्याला नव्हती, हे वाचकाला सांगितल्याशिवाय दोघांच्या चुका शेजारीशेजारी मांडू नयेत. आणि स्टुडिओतल्या निर्दोषतेवर सर्वाधिक विश्वास असणारे संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांनीही याच सिंफनीचे बर्लिन फिलहार्मोनिकसह स्टुडिओ-मुद्रण करून झाल्यावर १९८२ च्या प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण पुन्हा प्रसिद्ध केले, ते विनाकारण नसावे.

आता लय. लेखकाने सूचित केले आहे की जुन्या तबकड्या कदाचित जलद फिरवल्या गेल्या असाव्यात आणि त्यामुळे वाल्टर यांची लय आहे त्याहून घाईची वाटत असावी. हा संशय घरातल्या पेटीवर तपासता येतो. तबकडी ठरलेल्या गतीपेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरली की सूर एका अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने, चढतो. वाल्टर यांचे १९३८ चे वादन सुमारे ७० मिनिटांचे आहे आणि आपल्या लेखाने सर्वोच्च ठरवलेले, संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ऑक्टोबर १९७९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह केलेले सुमारे ८२ मिनिटांचे. एवढा फरक तबकडीच्या गतीमुळे पडायचा असता, तर सूर जवळजवळ तीन पट्ट्या चढला असता. या सिंफनीचा पहिला भाग आपल्या भाषेत पांढरी दोनचा आहे. तो मग पांढरी चारच्या आसपास ऐकू आला असता, आणि असा घोटाळा भजनी मंडळातल्या नवख्या पेटीवाल्याच्याही कानातून सुटला नसता. सूर जागेवर असेल तर वेळही खरी आहे. वाल्टर यांनी त्या दिवशी खरोखरच या लयीत वाजवून घेतले होते.

मग ती घाई होती का? इथे लेखकाच्या बाजूने जे बोलता येते ते आधी बोलले पाहिजे. चौथ्या आणि शेवटच्या भागाच्या सुरुवातीला माहलरने ‘अतिशय संथ, आणि तरीही राखून’ अशा अर्थाची सूचना लिहिली आहे. १९३८ मध्ये हा भाग सुमारे १८ मिनिटांत संपतो. बर्नस्टाइन त्याला २६ मिनिटे देतात. लेखी सूचना प्रमाण मानली तर कागदावर बर्नस्टाइन यांचे पारडे जड आहे. वाल्टर हे माहलरचे सहायक आणि शिष्य होते, माहलरच्या मृत्यूनंतर १९१२ साली व्हिएन्नात याच सिंफनीचे पहिले वादन त्यांनीच केले, म्हणून त्यांची लय ती मूळ लय, असा युक्तिवाद त्यांचे चाहते करतात. तोही मला पुरेसा वाटत नाही. १९६१ च्या आरंभी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वाल्टर यांनी अमेरिकेत स्टुडिओत हीच सिंफनी पुन्हा मुद्रित केली तेव्हा एकूण वेळ ८१ मिनिटांच्या आसपास गेला. शिष्य तोच आणि लयी दोन, त्यामुळे गुरूच्या नावाने यांपैकी एकीचीच शपथ घेता येत नाही.

उत्तर वादनातच शोधावे लागते. विलंबित म्हणजे किती विलंबित, हा प्रश्न आपल्याला परका नाही. ग्वाल्हेर घराण्याचा तिलवाड्यातला ख्याल आणि उस्ताद अमीर खाँ यांचा झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल घड्याळ लावून कोणी तोलत नाही. त्या लयीत स्वरवाक्य एका श्वासात पुरे होते की मधे तुटते, हे आपण पाहतो. माहलरच्या शेवटच्या भागात एक छोटी मुरकी सतत फिरत राहते. मुख्य स्वराच्या वर जाऊन, खाली उतरून पुन्हा जागेवर येणारा तो चिमुकला वळसा आहे. कधी तो व्हायोलिनांत असतो, कधी हॉर्नमध्ये, कधी खालच्या तंतुवाद्यांत. हा सगळा भाग त्या एका मुरकीवर उभा आहे असे म्हटले तरी चालेल. बर्नस्टाइन यांच्या लयीत तिचा एकेक स्वर सुटा होतो आणि प्रत्येकावर भार येतो. ऐकणारा त्या भाराने दडपून जातो आणि हा परिणाम प्रचंड आहे यात शंका नाही. वाल्टर यांच्या १९३८ च्या वादनात ती मुरकी मुरकीच राहते. तिच्यामुळे वाक्य वळते, थांबत नाही, आणि म्हणून पुढचे लांबलचक वाक्य गजावर ताण न येता गायले जाते. मला ही लय संथ वाटते. तिला घाई म्हणणाऱ्याने घड्याळ बाजूला ठेवून एकदा फक्त या मुरकीचा माग काढावा अशी माझी विनंती आहे.

१९३८ च्या वादनाचा खरा कस मात्र पहिल्या भागात लागतो, आणि तिथे मला त्याच्या तोडीचे दुसरे काही सापडलेले नाही. सुमारे पंचवीस मिनिटांच्या या भागात संगीत पुन्हा पुन्हा उंच चढते आणि कोसळते. आरंभी चेलो-हॉर्नने दबक्या आवाजात वाजवलेली अडखळती लय पुढे सर्वांत मोठ्या पडझडीच्या क्षणी ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यांमधून पूर्ण ताकदीने आदळते, आणि त्यानंतर माहलरच्याच शब्दांत ‘जड शवयात्रेसारखी’ चाल येते. अनेक नामांकित संचालक प्रत्येक चढ स्वतंत्रपणे सजवतात, त्यामुळे तिसऱ्या चढापर्यंत कान थकतो. वाल्टर यांची लय सतत थोडी पुढे-मागे होत असते, पण ती कोठून कुठे निघाली आहे याचा विसर पडत नाही. आधीच्या पडझडी पुढच्या मोठ्या पडझडीची तयारी आहेत, हे त्यांच्या वादनात ऐकू येते. व्हायोलिनांच्या सुरांत कंप कमी आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, मींडीच्या जवळची, ओढ जास्त आहे. ही त्या वाद्यवृंदाची जुनी वादनरीत होती. १८८१ पासून तिथे प्रथम व्हायोलिनवादक म्हणून बसणारे आर्नोल्ड रोझे, माहलरच्या बहिणीचे पती, तेव्हाही त्या जागेवर होते. आज बहुतेक वाद्यवृंद असे वाजवत नाहीत, म्हणून आपल्या कानांना ते ढिसाळ वाटू शकते. ढिसाळपणा आणि वेगळी रीत यांतला फरक समीक्षकाने वाचकाला समजावून द्यायला हवा होता.

याचा अर्थ या मुद्रणात दोष नाहीत असा नाही. तिसरा भाग, रोंडो-बुर्लेस्क, सुमारे अकरा मिनिटांत धावतो आणि तिथे वादक एकमेकांना खरोखर सोडून जातात. अनेक सूत्रे एकाच वेळी चालत असताना मधली सूत्रे चिखलात रुतल्यासारखी होतात. यातला किती दोष वादकांचा आणि किती मायक्रोफोनचा, हे वेगळे काढणे अवघड आहे, पण दोन्ही आहेत. खर्जातली वाद्ये पातळ ऐकू येतात. पहिल्या भागातल्या त्या पडझडीचा गाँग आणि नंतरच्या घंटा नीट पोचत नाहीत. सर्वांत मोठे नुकसान शेवटच्या पानाचे आहे. तिथे फक्त दबकी तंतुवाद्ये उरतात, ‘विरत जाणारे’ अशी सूचना असते, आणि नेमक्या त्याच जागी तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर संगीतापेक्षा मोठी होते. ती खरखर गाळण्याच्या नादात, मूळ तबकड्यांवरून नंतर काढलेल्या काही पुनर्मुद्रणांनी व्हायोलिनांच्या आवाजाची वरची धारही गाळून टाकली आहे. त्यामुळे एखाद्या पुनर्मुद्रणाचा मंद, गुदमरलेला आवाज ऐकून वाल्टर यांच्या वाद्यवृंदाला दोष देण्याआधी दुसरे पुनर्मुद्रण ऐकावे.

बर्नस्टाइन यांच्या १९७९ च्या मुद्रणाला आपल्या लेखात सर्वोच्च स्थान दिले आहे, आणि तेही प्रत्यक्ष मैफलीचेच आहे. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी काम केले ते त्या एकाच प्रसंगी, आणि ते मुद्रण त्यांच्या निधनानंतर, १९९२ मध्ये, बाजारात आले. त्यात शेवटच्या भागाच्या शिखरावर ट्रॉम्बोन आत येतच नाहीत. स्वरलिपीत लिहिलेला त्यांचा प्रवेश ऐकूच येत नाही आणि तंतुवाद्ये एकटी पडतात. ही साधी चूक नाही. सबंध सिंफनीच्या सर्वांत नाजूक जागेतले ते भगदाड आहे. लेखकाने तिचा उल्लेखही केलेला नाही. वाल्टर यांच्या वादकांच्या चुका सांगायच्या आणि बर्नस्टाइन यांच्या वादकांची ही चूक गाळायची, याला न्याय म्हणता येणार नाही. माझ्या मते ते मुद्रण त्या भगदाडासकट थोर आहे, कारण त्या आधीचा आणि नंतरचा ताण सुटत नाही. हाच निकष १९३८ च्या मुद्रणालाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

१९३८ च्या मुद्रणाची स्तुती करणाऱ्यांचाही एक दोष सांगितला पाहिजे. त्या मैफलीनंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्च १९३८ रोजी, हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. ज्यू असल्यामुळे वाल्टर यांना तो देश बंद झाला. रोझे लंडनला गेले आणि तिथेच वारले. त्यांची मुलगी आल्मा आउशविट्झच्या छळछावणीत मरण पावली. वाद्यवृंदातले ज्यू वादक काढून टाकले गेले आणि त्यांपैकी काही मारले गेले. हे कळल्यावर त्या वादनातला प्रत्येक सूर निरोपाचा वाटू लागतो. पण १६ जानेवारीला वाजवणाऱ्यांना मार्च महिना माहीत नव्हता. पुढे घडलेल्या भयंकर गोष्टींचे वजन वादनाच्या पारड्यात टाकणे, हे खोकल्याचे वजन टाकण्याइतकेच चुकीचे आहे. ‘ऐतिहासिक मोलाचे’ असे म्हणून जो लेख हे मुद्रण बाजूला सारतो आणि जो त्याच कारणासाठी त्याला डोक्यावर घेतो, ते दोघेही प्रत्यक्ष वादनाविषयी काही बोलत नाहीत.

एक व्यावहारिक गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात कूलर बंद करून माहलर ऐकणे माणसाला शक्य नाही, आणि कूलर चालू असताना या सिंफनीचे शेवटचे पान कोणत्याही मुद्रणात ऐकू येत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, आणि पुढच्या वेळी पहिल्या भागातल्या ट्रॉम्बोनने दचकतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर चेलो आणि कॉन्ट्राबास जवळजवळ नसतातच. अशा परिस्थितीत ऐकणाऱ्याला १९३८ च्या मुद्रणातला खर्ज पातळ आहे की आपल्या यंत्रातला, हे समजणार नाही. साधा तारेचा हेडफोन आणि पावसाळ्यातली किंवा हिवाळ्यातली रात्र एवढे जमले, तरी तुलना करता येते. समीक्षकानेही आपण कशावर ऐकले ते एका वाक्यात लिहावे.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. यापुढे पुरवणीत कोणत्याही मैफलीच्या मुद्रणाविषयी लिहिताना तारीख, सभागृह, ते एका रात्रीचे सलग वादन आहे की अनेक रात्रींतून जोडलेले, आणि जुने मुद्रण असल्यास कोणत्या पुनर्मुद्रणावरून ऐकले, इतकी माहिती चौकटीत द्यावी. त्या लेखाचा उत्तरार्ध येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात वाल्टर यांच्या १९६१ च्या स्टुडिओ-मुद्रणाचा विचार जरूर व्हावा. तिथे खोकला नाही, चुका दुरुस्त करण्याची सोय आहे, आवाज स्वच्छ आहे, शेवटचे पान पूर्ण ऐकू येते, आणि तरीही पहिल्या भागात १९३८ चा तो सलग ताण मला कुठे जाणवत नाही. लेखकाला तो जाणवत असेल, तर नेमका कोणत्या जागी, हे वाचायला मला आवडेल.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ